वहीच्या कोपऱ्यातलं ए.एम.डी.जी.

ऑक्टोबर लागला की मला फोन यायला लागतात. बहुतेक कॅलिफोर्नियाच्या बे एरियात नव्याने आलेल्या घरांतून. मुलगा आठवीत असतो, कुणीतरी कुठल्या तरी पॉटलकला बेलार्मिन या शाळेचं नाव काढलेलं असतं, आणि प्रश्न ठरलेले असतात. फी किती, अभ्यास कसा, आणि मग जरा आवाज खाली करून, "ते बायबल वगैरे फार करतात का हो?" आमचा धाकटा तिथून नुकताच बाहेर पडला. तेव्हा एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी नावाचा घोळ. शाळेचं पूर्ण नाव बेलार्मिन कॉलेज प्रिपरेटरी. सांगलीत सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांना वाटलं, नातवाला परत बालवाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीने त्यांना समजावलं की कॉलेज आहे, तर त्यांनी पेढे वाटले. दोन्ही चूक. अमेरिकेत प्रेप म्हणजे नववी ते बारावी, कॉलेजची तयारी करून घेणारी शाळा. ही फक्त मुलग्यांची, आणि जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांची. म्हणजे मुंबईचं झेवियर्स किंवा पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स ज्यांचं, त्यांचीच. सुरुवात १८५१ ची, सांता क्लारा कॉलेजच्या पोटात. पुढे १९२० च्या दशकात शाळा वेगळी होऊन सॅन होजेला आली आणि तिला कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिनचं नाव मिळालं. हा तोच बेलार्मिन, ज्याने १६१६ मध्ये गॅलिलिओला बोलावून पृथ्वी फिरते हे मत सोडून द्यायला बजावलं. सिलिकॉन व्हॅलीतल्या शाळेला हे नाव आहे याची मला अजून गंमत वाटते.

सासूबाईंची खरी काळजी वेगळी होती. "बाटवतील गं पोराला." त्यांना मी १६१६ चीच दुसरी गोष्ट सांगितली. त्याच वर्षी गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. इंग्लंडातून आलेला जेझुइट, आणि लिहिली मराठीत ओवी. सासूबाई शिक्षिका होत्या, अभ्यासक्रमात ते शिकवलेलं त्यांना आठवलं. काळजी गेली असं नाही, पण पुढे हा विषय फोनवर निघाला नाही.

आता पैशांचं. फी वर्षाला वीस हजार डॉलरच्या बरीच वर आहे आणि दरवर्षी चढते. मदत मिळते, तिचा अर्ज वेगळा असतो आणि तो लाजून न भरणारी आपलीच माणसं मी पाहिली आहेत. न्यूयॉर्कचं जेझुइटांचंच रीजिस हायस्कूल १९१४ पासून एक पैसा फी घेत नाही, पण तिथे प्रवेश बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलांनाच. इथे तशी अट नाही. वर्गात हिंदू, शीख, मुसलमान, काहीच न मानणारे, सगळे होते.

आणि हे स्पष्टच सांगते: तुम्ही क्युपर्टिनोत राहत असाल, मॉन्टा व्हिस्टा किंवा लिनब्रूक तुमच्या हद्दीत येत असेल, आणि तुम्हाला फक्त गणित-विज्ञान चांगलं हवं असेल, तर हे पैसे घालवू नका. त्या सरकारी शाळा फुकट आहेत आणि अभ्यासात कुठेही कमी नाहीत. बेलार्मिनला जाण्याचं कारण त्यापलीकडचं काहीतरी असायला हवं. आमच्या बाबतीत कारण साधं होतं. हा मुलगा घुमा. मोठ्या शाळेत मागच्या बाकावर चार वर्षं बसून कुणाच्या लक्षातही न येता बाहेर पडला असता.

प्रवेशपरीक्षेचं नाव एचएसपीटी, म्हणजे हायस्कूल प्लेसमेंट टेस्ट. आठवीच्या हिवाळ्यात एका शनिवारी होते, एकदाच. पाच भाग, २९८ प्रश्न, आणि वेळ अडीच तासांपेक्षाही कमी. हिशेब करा, एका प्रश्नाला अर्धा मिनिट. आम्ही एका क्लासला भरपूर पैसे मोजले. त्यांनी मुलाला शिकवलं, "येत नसेल तर सोडून दे." घरी सराव घेताना माझ्या लक्षात आलं की चुकीच्या उत्तराला गुण कापतच नाहीत! म्हणजे शेवटची दोन मिनिटं राहिली की उरलेले सगळे गोल काळे करायचे, डोळे मिटून. तीन महिन्यांच्या क्लासपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं. सातवी-आठवीचे गुण आणि शिक्षकांची शिफारसपत्रंही बघतात, त्यामुळे सातवीत ढिलाई नको.

अर्जातले प्रश्न मात्र मुलालाच लिहू द्या. जेझुइट शाळांचं एक टिपण आहे, बाहेर पडताना विद्यार्थी कसा असावा याचं. त्यात पाच गोष्टी आहेत: वाढायला तयार असलेला, बुद्धीने सक्षम, धार्मिक, प्रेमळ, आणि न्यायासाठी बांधलेला. क्रम बघा. बुद्धी दुसरी आहे, आणि आपण मराठी आईबाप अर्जभर दुसरीच लिहीत बसतो.

पहिल्या आठवड्यात मुलगा घरी आला आणि गृहपाठाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात ए.एम.डी.जी. असं लिहिलेलं. लॅटिनमधलं 'आद मायोरेम देई ग्लोरियाम', देवाच्या अधिक मोठ्या गौरवासाठी. मी म्हटलं, अरे, आम्ही वहीच्या प्रत्येक पानावर 'श्री' काढायचो, तेच हे. तो म्हणाला, "पण तू ते कशाला काढायचीस?" मला उत्तर देता आलं नाही. बाई रागावतील म्हणून, असंच खरं तर.

परंपरांचं असंच असतं. काही सांगून कळतात, काही चार वर्षांनी. दिवसात एकदा सगळे जण काही मिनिटं गप्प बसतात आणि आज काय झालं ते मनात उलगडतात. याला एक्झामेन म्हणतात, जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाने घालून दिलेला रिवाज. इग्नेशियस मूळचा शिपाईगडी. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, अंथरुणाला खिळला, आणि वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून संतचरित्रं वाचत सुटला. हे सगळं मुलगा मला भांडी पुसता पुसता सांगायचा. ज्याने कधी शाळेतलं काही सांगितलं नाही तो.

मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना, असते तेव्हा अख्खी शाळा बसते, सुट्टी मागता येत नाही. प्रसाद घ्यायच्या रांगेत आपली मुलं गेली तरी चालतं, फक्त दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घ्यायचे. मग फादर प्रसाद न देता आशीर्वाद देतात. जागेवर बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. आमचा पहिलं वर्ष बसून राहिला, नंतर जायला लागला. का, ते मी विचारलं नाही. धर्माचा तास असतो, त्याला गुण असतात आणि ते एकूण गुणांत धरतात, तेव्हा "आपला काय संबंध" म्हणून सोडून देऊ नका. निबंधात मुलाने स्वतःच्या घरातलं लिहिलं तर उलट त्यांना आवडतं. याने आषाढी एकादशीच्या खिचडीवर लिहिलं होतं. उपवासाच्या दिवशी आपण जास्त खातो, असं प्रामाणिकपणे लिहिलं.

शिक्षेला 'जग' (JUG) म्हणतात. जेझुइट शाळांतला जुना शब्द. मुलं त्याची फोड 'जस्टिस अंडर गॉड', देवाच्या हाताखालचा न्याय, अशी करतात. कुणी म्हणतं लॅटिनमधल्या जोखडावरून आला. उशीर, दंगा, फोन, कशालाही मिळतो. आमच्याला दोनदा मिळाला, दोन्ही वेळा झोपेमुळे. शाळा सुटल्यावर थांबायचं. मी शाळेला ईमेल लिहायला घेतला तर तोच म्हणाला, "आई, लिहू नको. उठलो नाही मी." तुम्हीही लिहू नका.

गाडीने सोडायची सोय नसेल तर कॅलट्रेन आहे. शाळेच्या बाजूलाच कॉलेज पार्क नावाचं स्टेशन आहे. स्टेशन म्हणजे काय, आपल्याकडच्या एखाद्या हॉल्टसारखा फलाट. सोमवार ते शुक्रवार मोजक्याच गाड्या थांबतात, शनिवार-रविवारी एकही नाही. सकाळी गाडी थांबते, दारं उघडतात, दप्तरं पाठीवर टाकलेल्या पोरांचा लोंढा उतरतो, आणि मिनिटभरात फलाट पुन्हा ओस. दुपारची गाडी चुकली तर पुढच्या गाडीसाठी दुसऱ्या स्टेशनला जावं लागतं, हे पहिल्याच आठवड्यात मुलाला समजावून ठेवा.

नुसत्या मुलग्यांत राहून बिघडेल का, असं विचारणारे असतात. जवळच नोत्र दाम आणि प्रेझेंटेशन या मुलींच्या कॅथलिक शाळा आहेत. नाच, कार्यक्रम, ओळखीपाळखी, काही अडत नाही. वर्गात मात्र फरक पडतो. मुलगे मुलग्यांसमोर रडतात, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. खेळांचं वेड प्रचंड. माउंटन व्ह्यूच्या सेंट फ्रान्सिस शाळेशी अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो, त्याला चक्क 'होली वॉर', धर्मयुद्ध, म्हणतात. दोन्हीकडून कॅथलिकच, म्हणजे आपलं कुरुक्षेत्र. संघाचं नाव बेल्स. घंटा. मराठी घरात यावर जे विनोद व्हायचे ते सगळे झालेले आहेत, नवा सुचला तर कळवा.

सेवेच्या तासांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे आपली माणसं चुकतात. मीही चुकले. १९७३ मध्ये पेद्रो आरुपे या जेझुइटांच्या प्रमुखाने स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केलं. आमच्या शाळांतून इतरांसाठी जगणारी माणसं बाहेर पडली पाहिजेत, असा त्याचा गाभा. श्रीमंतांच्या मुलांना शिकवून झाल्यावर हे त्यांना ऐकवणं सोपं नसणार. काही माजी विद्यार्थी चिडले म्हणतात. आरुपे १९४५ मध्ये हिरोशिमाजवळ होता, वैद्यकी शिकलेला होता, बॉम्ब पडल्यावर मठाचा दवाखाना करून जखमींवर उपचार केले. त्या भाषणापासून 'मेन फॉर अदर्स' हे शब्द या शाळांच्या भिंतींवर असतात, आणि सेवा केल्याशिवाय शाळेचा डिप्लोमा मिळत नाही.

मी काय केलं? एक्सेल शीट. तारीख, तास, बेरीज. मुलगा गरजूंना जेवण वाढणाऱ्या एका ठिकाणी शनिवारी जायचा, मी गाडीत बसून शीट भरायची. मग त्याला अहवाल लिहायचा होता, आणि त्यात विचारलं होतं की तू ज्यांना वाढलंस त्यांच्यातल्या एकाशी काय बोललास. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आठ शनिवार, बत्तीस तास, आणि एक नाव माहीत नाही. पुढच्या शनिवारी त्याने डाव कुणाच्या तरी हातात दिला आणि ताट घेऊन एका आजोबांसमोर जाऊन बसला. ते आजोबा ट्रक चालवायचे, फ्रेझ्नोहून बदाम आणायचे. हे मला चार दिवस पुन्हा पुन्हा ऐकवलं. शीट मी नंतर भरली नाही, तास त्याने स्वतःच नोंदवले.

आणि कैरोस. हा शब्द तुमच्या कानावर येईल आणि कुणीही नीट सांगणार नाही. अकरावी-बारावीत मुलं चार दिवस चिंतनाच्या शिबिराला बाहेर राहायला जातात, त्याचं हे नाव. घड्याळ नाही, फोन नाही. ग्रीकमध्ये काळाला दोन शब्द आहेत, एक घड्याळातला आणि दुसरा, कैरोस, योग्य क्षणाचा. आपण वेळ आणि मुहूर्त म्हणतो तसं. तिथे काय होतं ते बाहेर सांगायचं नाही असा रिवाज आहे आणि सतरा वर्षांची पोरं तो पाळतात. माझा मोठा मुलगा नेटफ्लिक्सच्या मालिकेचा शेवट दोन तास लपवू शकत नाही, त्यामुळे मला याचं फार कौतुक.

पालकांपुरतं एक मात्र सांगायला हवं, पण हा परिच्छेद मुलाला वाचून दाखवू नका. जायच्या आधी तुमच्याकडून पत्र मागतात, मुलाला कळू न देता. ईमेल नाही, पत्र. महिनाभर आधीपासून विचार करा, आदल्या रात्री जमत नाही. माझं मी इंग्रजीत लिहिलं, दीड पान, नीटनेटकं, थोडं रेझ्युमेसारखंच झालं. नवऱ्याने चार दिवस काही लिहिलं नाही, मग रात्री अकराला बसून दोन पानं मराठीत लिहिली. मी म्हटलं, अहो, त्याला कसं कळणार? रविवारच्या मराठी शाळेत तिसऱ्या पातळीपर्यंत गेलेला मुलगा, जोडाक्षर आलं की गाडी अडते. नवरा म्हणाला, "मला इंग्रजीत असलं येत नाही."

चौथ्या दिवशी रात्री आणायला गेलो. गाडीत मागे बसला, बराच वेळ गप्प. मग म्हणाला, बाकीच्यांची पत्रं वाचून झाली, ते झोपायला गेले, माझं एकच पान झालं होतं. टॉर्च संपला म्हणून दुसरं सकाळी बाथरूममध्ये वाचलं. मी वळून बघितलं नाही, नवरा रस्त्याकडे बघून गाडी चालवत होता.

"बाबा," त्याने विचारलं, "धसमुसळा म्हणजे काय?"