डी ड्राइव्हवरचे गेम पुन्हा डाउनलोड न करता लिनक्स मिंटवर कसे न्यावेत

आधी कागदावर गेमची यादी काढा, पेनड्राइव्हचं नंतर बघू. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर चालतात. त्यामुळे जीटीएक्स १०५० टीआय किंवा आरएक्स ५८० असलेले धडधाकट पीसी उगाच अडगळीत पडताहेत. त्यांच्यावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत प्रणाली उत्तम चालते, पण सगळे गेम चालत नाहीत, आणि हे मिंट टाकून झाल्यावर कळलं तर चिडचिड होते.

व्हॅलोरंट, फोर्टनाइट आणि पबजी चालणार नाहीत. त्यांचं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर खेळूच देत नाही, त्यामुळे सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, पण २०२४ च्या अखेरीस कंपनीनेच लिनक्सचं दार बंद केलं. जीटीए ५ ची कथा खेळता येते. ऑनलाइन मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये नवीन अँटी-चीट आल्यापासून बंद. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ च्या थेट लिनक्स आवृत्त्याच आहेत. यादीतले निम्मे गेम न चालणाऱ्यांपैकी असतील तर विंडोज ठेवा आणि शेजारी मिंट टाका. बाकीच्या गेमसाठी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर नाव शोधा. तिथल्या सोनं-प्लॅटिनमच्या बिल्ल्यावर विसंबू नका. खाली लोकांनी लिहिलेल्या नोंदींपैकी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या आणि आपल्यासारखंच ग्राफिक्स कार्ड असलेल्या नोंदी वाचा.

कार्ड चालेल का?

विंडोजचा गेम लिनक्सवर चालवतं ते प्रोटॉन. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ते ऑगस्ट २०१८ मध्ये आणलं. त्याच्या पोटात विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं, १९९३ पासून घडत आलेलं वाइन आहे, आणि जोडीला डायरेक्टएक्स ही विंडोजची ग्राफिक्सची भाषा व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत उलथवणारे दोन दुभाषे: डायरेक्टएक्स ११ पर्यंत डीएक्सव्हीके आणि १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. म्हणजे कार्डाला व्हल्कन नीट यायला हवं, आणि हल्लीच्या प्रोटॉनला व्हल्कन १.३ लागतं. जीटी ७१० किंवा जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतली बहुतेक कार्डं ४७० क्रमांकाच्या ड्रायव्हरवर थांबली आहेत, तिथे व्हल्कन १.२ पर्यंतच पोचतं. अशा कार्डावर प्रोटॉन ८ किंवा त्यापुढचं निवडलं तर गेम उघडून लगेच बंद होतो. प्रोटॉन ७.० निवडा. याच मालिकेतली ७५० आणि ७५० टीआय नव्या पिढीची असल्याने त्यांना ही अडचण नाही.

विंडोजमध्ये असतानाच

कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्सला डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की फोनमध्ये नव्हे, कागदावर उतरवून घ्या; बायोसमध्ये सिक्युअर बूटला (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणाऱ्या सोयीला) हात लावला की विंडोज हटकून ती मागतं. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने मिंटसाठी ८० ते १०० जीबी जागा मोकळी करा. मिंट २० जीबीतही बसतं, पण प्रोटॉनची प्रत्येक आवृत्ती एक जीबीच्या वर जाते आणि शेडरचा (ग्राफिक्स कार्डासाठीच्या छोट्या प्रोग्रामचा) साठा वाढत राहतो.

पार्टिशनचं काम चालू असताना वीज गेली तर डेटा जातो. लॅपटॉप चार्जरवर, डेस्कटॉप यूपीएसवर. यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळून बसा.

मिंट टाकण्याची प्रक्रिया सोपी आहे: रूफस या सॉफ्टवेअरने मिंटचा पेनड्राइव्ह तयार करा, डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून त्यावरून बूट करा, ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय निवडा. मल्टिमीडिया कोडेकच्या (व्हिडिओ-गाणी उलगडणाऱ्या घटकांच्या) चौकटीत टिक करा. सिक्युअर बूट चालू असेल तर तिथेच एक पासवर्ड मागितला जातो, आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो. त्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि मग एनव्हीडियाचा ड्रायव्हर टाकूनही चालू का होत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

ड्रायव्हर

एएमडी आणि इंटेलला काही टाकायचं नाही. ड्रायव्हर मिंटसोबतच येतो. एनव्हीडियासाठी मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा. इथे एक सापळा आहे. यादीत एकाच क्रमांकाचे दोन ड्रायव्हर दिसतात, त्यातल्या एकाच्या नावाला शेवटी ‘ओपन’ लागलेलं असतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या ओढीने ते निवडाल, पण ते जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स मालिकेपासूनच चालतं. १०५० टीआय किंवा १०६० असेल तर बिनओपनवालं घ्या, आणि ५८० च्या पुढे जाऊ नका. या कार्डांसाठी तीच शेवटची शाखा आहे.

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर खालच्या पट्टीत एनव्हीडियाचं चिन्ह येतं. खेळायच्या आधी तिथून ‘परफॉर्मन्स’ निवडून लॉग आउट करा. नाहीतर गेम इंटेलच्या चिपवर रांगत चालतो आणि दोष प्रोटॉनला लागतो.

स्टीम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या, पण फ्लॅटपॅक नको, ‘सिस्टीम पॅकेज’ निवडा. फ्लॅटपॅकचं स्टीम स्वतःच्या कुंपणात राहतं आणि परवानगी दिल्याशिवाय दुसरी डिस्क त्याला दिसत नाही.

खरी मेख: डी ड्राइव्ह

डी ड्राइव्हवर आधीच तीनशे जीबी गेम पडलेले आहेत, लिनक्सला तो ड्राइव्ह उघडता येतो, मग स्टीमला तोच दाखवला तर काय बिघडलं? नेमकं इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. तो ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फाइली मांडणारा आहे. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज उभारतं आणि त्यात ‘सी:’ नावाचा दुवा बनवतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावात विसर्गासारखं हे चिन्ह चालतच नाही. त्यामुळे कधी दुवा बनत नाही, कधी बनतो आणि पुढे विंडोजची डिस्क तपासणी तो खराब फाइल समजून उडवते. वर परवानग्यांचा घोळ. लक्षण ओळखायला सोपं आहे: ‘प्ले’ दाबलं की बटण काही सेकंद बदलतं आणि पुन्हा ‘प्ले’ होतं, ना खिडकी ना संदेश. असं झालं की प्रोटॉन बदलत बसू नका, गेम कुठल्या डिस्कवर आहे ते आधी बघा.

गेम ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीने मांडलेल्या, डिस्कवर हवेत. पण त्यासाठी पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही, कारण प्रोटॉन विंडोजच्याच फाइली वापरतं.

एक बाहेरची हार्ड डिस्क उसनी आणा. ती एनटीएफएस असली तरी चालेल, इथे ती फक्त हमालीला आहे. डी ड्राइव्हवर स्टीमच्या फोल्डरात ‘स्टीमअ‍ॅप्स’ आणि त्यात ‘कॉमन’ असतं. ‘कॉमन’मधले गेमचे फोल्डर जसेच्या तसे त्या डिस्कवर कॉपी करा. यूएसबी ३ वर सेकंदाला शंभर एमबीचा वेग धरला तर तीनशे जीबीला पाऊण ते एक तास लागतो. डीवरचे फोटो, कागदपत्रं, दहावी-बारावीचे स्कॅन यांचीही प्रत निघाली ना, हे दोनदा तपासा. पुढच्या पायरीत सगळं पुसलं जाणार आहे.

मिंटमध्ये ‘डिस्क्स’ उघडा, डी चं पार्टिशन ओळखा (आकारावरून; लिनक्सला डी हे अक्षर ठाऊक नाही) आणि ते ईएक्सटी४ म्हणून फॉरमॅट करा. नाव इंग्रजीत, एका शब्दात ठेवा. मग दातेरी चाकाच्या बटणातून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये जाऊन वरचा आपोआपचा स्विच बंद करा आणि ‘माउंट अ‍ॅट सिस्टीम स्टार्टअप’वर टिक ठेवा. हे राहिलं तर दुसऱ्या दिवशी पीसी चालू केल्यावर डिस्क जोडलेलीच नसते आणि स्टीमला सगळे गेम गायब दिसतात. स्टीम ‘डिस्क राइट एरर’ म्हणालं तर त्या डिस्कची मालकी रूटकडे (प्रणालीच्या मुख्य खात्याकडे) राहिली आहे. फाइल मॅनेजरमध्ये ‘ओपन अ‍ॅज रूट’ करून प्रॉपर्टीजमधल्या परमिशन्समध्ये मालक म्हणून स्वतःचं नाव द्या.

आता स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’मधून ही डिस्क जोडा. स्टीम तिच्यावर स्वतःचं फोल्डर बनवेल, त्यातल्या ‘कॉमन’मध्ये गेमचे फोल्डर आणून ठेवा. नाव बदलायचं नाही, इंग्रजी लहान-मोठं अक्षरही नाही, कारण लिनक्स दोन्ही वेगळी मानतं. गेमची लिनक्स आवृत्ती असेल तर इन्स्टॉलच्या आधी प्रॉपर्टीजमधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’त जाऊन प्रोटॉन सक्तीने निवडा, नाहीतर स्टीम लिनक्सच्या वेगळ्या फाइली उतरवायला लागेल. मग ‘इन्स्टॉल’ दाबून हीच डिस्क निवडा. स्टीम आधी असलेल्या फाइली तपासेल आणि कमी पडणाऱ्याच उतरवेल. डाउनलोडचा आकडा अख्ख्या गेमएवढा दिसला तर ताबडतोब थांबवा: फोल्डर एक पातळी आत किंवा बाहेर पडलंय.

क्लाउडवर नसलेले सेव्ह विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये किंवा अ‍ॅपडेटामध्ये सापडतात. मिंटवर गेम एकदा चालवून बंद करा म्हणजे त्याचं खोटं विंडोज तयार होईल. ते त्याच डिस्कवर ‘कॉम्पॅटडेटा’मध्ये, गेमच्या क्रमांकाच्या फोल्डरात असतं, क्रमांक स्टीम स्टोअरवरच्या त्या गेमच्या पत्त्यात दिसतो. आतल्या ‘स्टीमयूजर’खाली डॉक्युमेंट्स आणि अ‍ॅपडेटा विंडोजसारखेच मांडलेले असतात. सेव्ह त्याच जागी ठेवा.

तरीही चालत नसेल तर

प्रोटॉन एक्सपेरिमेंटल लावून बघा. कथेतल्या व्हिडिओच्या जागी दूरदर्शनसारखे रंगीत पट्टे आले तर तो बिघाड नाही, त्या व्हिडिओचा कोडेक व्हॉल्व्हच्या प्रोटॉनमध्ये नाही इतकंच. प्रोटॉनअप-क्यूटी हे छोटं सॉफ्टवेअर घेऊन त्यातून जीई-प्रोटॉन ही व्हॉल्व्हबाहेर बनलेली प्रोटॉनची आवृत्ती उतरवा आणि स्टीम पूर्ण बंद करून उघडा, नाहीतर नवं नाव यादीत येत नाही. काल चालणारा गेम आज अचानक बंद पडला तर सेव्हची प्रत काढून त्याचं ‘कॉम्पॅटडेटा’मधलं फोल्डर उडवा, पुढच्या वेळी ते नव्याने बनतं.

‘व्हल्कन शेडर्स’वर प्रक्रिया चालू असल्याची पट्टी जुन्या चार कोरच्या प्रोसेसरवर दहा-पंधरा मिनिटंही घेते. ‘स्किप’ दाबलं तरी गेम चालतो, सुरुवातीला थोडा अडखळतो. फोनच्या हॉटस्पॉटवर असाल तर डाउनलोडच्या सेटिंगमधलं शेडर प्री-कॅशिंग बंदच करा, डेटा वाचेल.

मराठी टायपिंग लावून ठेवणाऱ्यांसाठी: कीबोर्ड मराठीवर असताना काही गेममध्ये चालायची बटणं मेल्यासारखी होतात. खेळायच्या आधी इंग्रजीवर आणा. स्वस्त गेमपॅड ओळखला जात नसेल तर मागचा एक्स-डी स्विच एक्सवर करा. स्विच नसेल तर मधलं होम बटण चार-पाच सेकंद दाबून धरा.

दोन्ही प्रणाली ठेवल्या तर एक दिवस विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल आणि ब्राउझर संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांवर कुरकुर करेल. मदरबोर्डची बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मदरबोर्डवर ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज ती भारतातली समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये इंग्रजी लिपीत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ टाइप करा (‘सेट’, ‘लोकल’ आणि ‘आरटीसी’मध्ये आडव्या रेघा, बाकी मोकळी जागा), पासवर्ड द्या आणि दोन्हीकडे वेळ एकदा इंटरनेटवरून जुळवून घ्या.