वाढत्या मुलांसह कुटुंबाचे छायाचित्र कसे काढावे

मूल पाच-सहा वर्षांचे असते तोवर त्याला उचलून आजीच्या मांडीवर बसवले की काम भागते. तेच मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले, चेहऱ्यावर मुरुमे आणि दातांवर तारा आल्या, की कॅमेरा पाहताच मान फिरवू लागते. या वयात दिवस, कपडे आणि जागा यांपैकी निदान एक निर्णय पूर्णपणे त्याच्यावर सोपवावा, आणि त्याने काळा टी-शर्ट निवडला तरी तो निर्णय मोडू नये.

इंदूरच्या मराठी घरांत यासाठी गौरी-गणपतीइतका सोयीचा प्रसंग नाही, कारण शिक्षण-नोकरीसाठी बाहेर पडलेली मंडळीही त्या दिवसांत घरी येतात, आणि आभाळ भरलेले असेल तर प्रकाश सौम्य असल्याने मुरुमांचे उंचवटे फारसे उठून दिसत नाहीत. आरतीनंतर सगळे भुकेले असताना मात्र कोणालाही ताटकळत ठेवू नये. जेवणे होऊ द्यावीत. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी, जायचे असेल तर डिसेंबर उत्तम. तेव्हा पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधीच्या तासाभरात ऊन बाजूने किंवा पाठीमागून येईल असे उभे राहावे, म्हणजे कोणाचे डोळे बारीक होत नाहीत.

सर्वांत जास्त विचार मांडणीचा करावा. मुलगा वडिलांच्या खांद्यापर्यंत आला, की दरवर्षीची उंचीनुसार रांग बंद करून मोठ्यांना बसवावे आणि मुलांना मागे उभे करावे. आजी खुर्चीत बसली आहे आणि नातीचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे, एवढ्यानेही त्या वयातला हातांचा अवघडलेपणा जातो, कारण हातांना काम मिळते. चेहरे एका रेषेत न ठेवता थोडे वर-खाली ठेवावेत. ‘हास की जरा’ असे म्हणू नये. तारा लपवण्यासाठी मिटलेले ओठ तसेच राहू द्यावेत, कारण तोही त्या वर्षाचा खरा चेहरा आहे.

एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी इंदूरमध्ये नोकरी करत असताना, १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाला सुरुवात केली. त्या काळी काचेच्या प्लेटवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, म्हणून माणसांना निश्चल राहावे लागे. आज सेकंदाचा १/१२५ भाग पुरतो, तरीही आपण मुलांना ताठ उभे करतो, हे मला पटत नाही. त्यांना बोलू द्यावे आणि एकापाठोपाठ दहा-बारा फोटो घ्यावेत. मोबाइलच्या वाइड लेन्सने कडेचे चेहरे ताणले जातात; त्यामुळे दुपटीची (२x) लेन्स वापरून चार पावले मागे सरावे. कॅमेऱ्यावर दोन रांगांसाठी अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ ८ ठेवावे, म्हणजे दोन्ही रांगा स्पष्ट येतात. काही फोटो मुलांनाच काढू द्यावेत.

निवड करताना मुलांना शेजारी बसवावे आणि त्यांना नको असलेला फोटो त्यांच्यासमोरच पुसून टाकावा. आत्याच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी. छापण्यासाठी फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर त्याचा तपशील घटतो; ८ × १० इंचांच्या चांगल्या प्रतीसाठी साधारण २४०० × ३००० पिक्सेल लागतात. प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने वर्ष आणि प्रत्येकाचे वय लिहावे.