बैठं घर घेताय? इसार देण्याआधी दुपारी दोनला गच्चीवर जा

जळगावचं पिंप्राळा असो की धुळ्याचं देवपूर, आई-वडिलांच्या गुडघ्यांसाठी जिन्याशिवायचं घर शोधणारे खूप, आणि अशी घरं थोडी. म्हणून दलाल म्हणतो, "आजच इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." अशा वेळी घाई नको, तयारी हवी. कर्जाची पूर्वमंजुरी बँकेकडून आधीच घेऊन ठेवा. मालक तुमच्याशीच बोलेल.

घर मात्र मे महिन्यात भर दुपारी बघा. बैठ्या घराला वरच्या मजल्याची सावली नसते, सगळा स्लॅब उन्हात तापतो. आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि तापलेला स्लॅब रात्रीही आत उष्णता सोडत राहतो. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून पाहा. गच्चीवर उष्णतारोधक थर नसेल, तर तो खर्च भावातून कमी करून मागा. बोअर उन्हाळ्यात किती वेळ चालते, हे शेजारच्या काकूंना विचारा, मालकाला नको.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' वाचा, एनए (बिगरशेती) आदेश मागा, वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च, म्हणजे तपास, करून घ्या. इसार चेकनेच द्या, आणि कागदांत खोट निघाल्यास पैसे परत, हे पावतीवर लिहून घ्या.