बर्फातले चार शनिवार

यंदा आपल्या मंडळातले चौघे क्लबच्या हिवाळी ब्लूग्रास (बँजो, फिडल, मँडोलिनवरचं अमेरिकी लोकवळणाचं संगीत) मैफलींना हातभार लावायला तयार झालेत, म्हणून दरवर्षी डोक्यात ठेवलेली ही कामांची यादी एकदाची लिहून काढतोय. आमचा क्लब म्हणजे उत्तर व्हर्जिनियात गावाच्या टोकाला असलेलं लाकडी तक्तपोशीचं एक जुनं सभागृह. डिसेंबर ते मार्च, दर महिन्याचा तिसरा शनिवार.

तारखांपासूनच सुरुवात करा आणि ती ऑगस्टमध्ये करा, थंडीची वाट बघू नका. चांगले बँड उन्हाळाभर उघड्यावरच्या महोत्सवांत गुंतलेले असतात, पण पुढच्या हिवाळ्याच्या तारखा तेव्हाच देऊन टाकतात. जानेवारीचा तिसरा शनिवार हमखास मंडळाच्या संक्रांतीवर येतो, तेव्हा तिळगूळ दुपारी उरका आणि संध्याकाळी इकडे या. बँडशी करार करताना बर्फाचं कलम लिहूनच घ्या: मैफल रद्द झाली तर नवी तारीख द्यायची की ठरलेल्या रकमेतला काही भाग, आणि निर्णय किती वाजेपर्यंत कळवायचा. आम्ही दुपारी बाराची वेळ ठरवलीय. त्यानंतर बँडची गाडी डोंगरातून निघालेली असते, मग त्यांना घाटात परत फिरवणं बरं दिसत नाही. त्याच सुमारास गाण्यांच्या हक्कांचे परवाने तपासा. ॲस्कॅप, बीएमआय वगैरे संस्थांच्या परवान्याची जबाबदारी सहसा सभागृहाकडे येते. बँडनं पैसे भरले असतील अशा भरवशावर राहू नका.

हे संगीत नवं असेल तर थोडी ओळख करून घ्या, म्हणजे कामं का करतोय ते कळेल. केंटकीतल्या रोझीन गावात 1911 साली जन्मलेल्या बिल मनरोनं आपल्या बँडला ‘ब्लू ग्रास बॉइज’ नाव दिलं, तेच पुढे या संगीताला चिकटलं. 1945च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवत त्यात आला आणि आज आपण ऐकतो तो बाज ठरला. वॉशिंग्टनच्या परिसरात हे कसं रुजलं, ते आपल्याला वेगळं समजवायला नको. कोकणातून गिरणगावात आलेल्या चाकरमान्यांनी चाळींत भजनी मंडळं उभी केली, तशी ॲपलाचियन डोंगरांतून नोकरीसाठी इकडे आलेली माणसं बँजो आणि फिडल (म्हणजे व्हायोलिनच) घेऊन आली. इथलाच ‘कंट्री जंटलमेन’ हा बँड 1957 साली सुरू झाला, आणि 1971 साली वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डात ‘सेल्डम सीन’ हा दुसरा. आमच्या पहिल्या रांगेतल्या काही आजोबांनी दोन्ही ऐकलेत. त्यांच्यासमोर कमी बोला, जास्त ऐका.

आता मुख्य काम: ओल. हो, या यादीतलं सगळ्यात मोठं काम हवेतल्या ओलीचं आहे. बाहेर थंडी आणि आत हीटर चालू असला की सभागृहातली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. गिटार, मँडोलिन, फिडल यांना पंचेचाळीस ते पंचावन्न लागते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, गिटारची वरची पाटी चिरते, आणि चिरली की बँडवाल्याचा चेहरा बघवत नाही. गुरुवारी संध्याकाळीच दोन मोठे ह्युमिडिफायर लावा, दिवसातून दोनदा पाणी भरा, आणि आर्द्रतामापक मंचाजवळ टांगा. दाराजवळ टांगला तर तो दाराची ओल दाखवेल. बँड आला की वाद्यांच्या पेट्या मागच्या खोलीत ठेवून द्या, पण रेडिएटरपाशी नको. गाडीतून गारठून आलेली पेटी लगेच उघडली की रोगणाला बारीक तडे जातात, म्हणून अर्धा-पाऊण तास ती बंदच राहू द्या. चहा विचारा, हवापाणी विचारा, पेटी उघडायला लावू नका. बँजोचं पान आता बहुतेक प्लॅस्टिकचं असतं, पण एखादा जुन्या वळणाचा वादक कातड्याचं घेऊन येतो. ते ओलीनं सैल पडतं नि कोरडेपणानं ताणतं, आपल्या ढोलकीसारखंच. अशा माणसाला जुळवायला दहा मिनिटं जास्त द्या. उभा बेस आत आणायला बाजूचं दुहेरी दार आधीच मोकळं करून ठेवा. मागच्या वर्षी तिथे खुर्च्यांची थप्पी होती आणि ती हलवेपर्यंत बेसवाल्या बाई बर्फात उभ्या होत्या. थप्पी मीच लावली होती.

माइकचं काम दिसतं सोपं, पण तेच नेमकं फसतं. बरेच बँड मध्ये एकच मोठा कंडेन्सर माइक (लांबचा आवाजही टिपणारा, चालायला वीज लागणारा) मागतात आणि सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवून झालं की मागे होतो, बँजो जरा लांब, गाणारा जवळ. आवाजाची बरोबरी ते स्वतःच्या पावलांनी साधतात. अशा वेळी आपलं काम माइक त्यांच्या उंचीवर लावणं, त्याला मिक्सरमधून 48 व्होल्ट सोडणं आणि मग हात बांधून बसणं. बटणं फिरवत राहिलात तर शिट्टी वाजणारच. मंचावरचे त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर बंद ठेवा. आणि हीटरचा पंखा! हा माइक पंखासुद्धा गाण्याइतकाच प्रेमानं उचलतो. म्हणून सभागृह सात वाजेपर्यंत चांगलं तापवा, मैफल सुरू होताना थर्मोस्टॅट खाली आणा. दीडशे माणसं बसली की गारठा वाटत नाही.

वीज. शंभर कपांची कॉफीची टाकी 1,500 वॉटची, म्हणजे साडेबारा अँपिअर एकटी खाते. हीटरही तेवढाच. दोन्ही एकाच वीस अँपिअरच्या सर्किटवर लावलीत तर खटका पडणार. मी हे लावून पाहिलंय, ऐन संथ गाण्याच्या मधोमध. दिवे गेले, माइक गेला, बँड थांबला नाही. चौघे पुढच्या पायरीवर येऊन तसेच गायले आणि लोकांना तेच जास्त आवडलं, पण म्हणून हा प्रयोग परत नको. टाकी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या सॉकेटला, सव्वा तास आधी.

खाण्यात फार लक्ष घालू नका, ते क्लबच्या बायका आणि दोन निवृत्त पोस्टमन बघतात. चिली नावाचा मसालेदार रस्सा, मक्याचा पाव, आणि सारण भरून भाजलेला ‘पाय’. शाकाहारी भांडं मात्र आपल्याकडे असतं. गेल्या फेब्रुवारीत मटकीची उसळ ‘मसालेदार बीन्स’ असं लिहून ठेवली, अर्ध्या तासात संपली. शेंगदाण्याचं कूट असेल तर पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहाच.

दारावर दोघं बसवा. सुटे पैसे शुक्रवारीच बँकेतून आणा, पाचाच्या आणि एकाच्या नोटा, कारण वीस डॉलरच्या नोटेखाली इथे कुणी काही काढत नाही. अग्निशमन खात्यानं ठरवलेली माणसांची संख्या दाराजवळ लावलेली आहे. ती भरली की थांबायचं, मग ओळखीचा असो नाहीतर माझा सासरा. सकाळी वाहनतळावर मीठ पसरा आणि मागच्या दाराबाहेरचा बर्फ फावड्यानं काढा. पुढचं दार सगळे साफ करतात, आगीच्या वेळी उघडायचं ते मागचं दार बर्फात अडकून राहतं. बँडचा चेक पाकिटात घालून मध्यंतरातच हातात द्या, शेवटी गर्दीत त्यांना शोधायला लावू नका. त्यांच्या सीडी-टीशर्टच्या टेबलाला दिवा हवा, खांबाच्या सावलीत नको.

आपल्या लोकांना एक सांगून ठेवा. एकेकाचं सोलो वाजवून झालं की टाळी गाण्याच्या मध्येच पडते, त्यात काही बेअदबी नाही, आपल्याकडे समेवर दाद जाते तसंच ते.

मैफलीआधी बाजूच्या खोलीत एक तास हौशी लोकांचं वर्तुळ बसतं. तिथे बिनहातांच्या खुर्च्या लावा, गिटारला कोपर आपटतं. गाणं सुरू करणारा मान हलवून पाळी देतो. येत नसेल तर मान नाही म्हणून हलवायची, कुणी वाईट वाटून घेत नाही. आणि तबला घरी ठेवा. मला माहीत आहे, हात शिवशिवतात. पण या बाजात ढोल-ताशा काही नाही, ताल मँडोलिनच्या त्या आखूड ‘चॉप’वर (तारांवरच्या तुटक ठोक्यावर) आणि बेसवर चालतो, आणि आपण ठेका धरला की ते दोघेही बेकार होतात. एकदा खंजिरी नेली होती. दोन गाण्यांनंतर एका आजोबांनी मला अगदी सौजन्यानं पायचा दुसरा तुकडा आणायला पाठवलं.

सगळे गेले की मिठाचे ठसे ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर सोमवारी लाकडावर पांढरे डाग दिसतात. ह्युमिडिफायर रिकामे करून उलटे ठेवा. थर्मोस्टॅट पंचावन्न फॅरनहाइटवर ठेवा, पूर्ण बंद करू नका, नळ गोठतात. किल्ली जुन्या जागी नको, आता ती शेजारच्या घराच्या टपालपेटीत असते.