समीकरण संतुलित करताना रेणुसूत्राला हात लावू नका

दहावीच्या विज्ञानात रासायनिक समीकरणं आली की वहीवहीत एक चूक हमखास सापडते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं. समीकरण संतुलित म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे. डावीकडे ओटू, म्हणजे ऑक्सिजनचे दोन अणू. उजवीकडे एचटूओमध्ये एकच. मग पोरं पाण्याच्या सूत्रातच आणखी एक दोन घालतात आणि एचटूओटू करून टाकतात. अणू जुळले, पण पाणी राहिलं नाही; जखम धुतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं.

आकडा द्यायचा तो सूत्राच्या आधी: दोन एचटू, एक ओटू, दोन एचटूओ. सूत्र लिहिलं की त्याभोवती पेन्सिलने चौकट आखा. चौकटीच्या आत खाडाखोड बंद. तरी उमजलं नाही तर तुरीचा दाणा हायड्रोजन, हरभऱ्याचा ऑक्सिजन धरून जमिनीवर मांडा. दोन तुरी, एक हरभरा हा पाण्याचा एक रेणू. कमी पडलं तर अख्खा रेणू वाढवायचा, सुटा दाणा नाही. फळ्यापेक्षा मला ही पद्धत खात्रीची वाटते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिएने १७८९ साली मांडलेला द्रव्य अक्षय्यतेचा नियम इथे डोळ्यांनी दिसतो: जेवढे दाणे घेतले तेवढेच शेवटी हवेत.

दुसरी चूक कंसाची. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बुंध्याला मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट) आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. विरवलेल्या चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या, सूत्रात ओएच कंसात आणि दोन कंसाबाहेर असतो. तो ऑक्सिजन, हायड्रोजन दोघांनाही लागतो. मोरचूद आणि चुन्यापासून कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट होतं. मोजून पाहा, हे समीकरण मुळातच संतुलित आहे! तरी आकडा घातल्याशिवाय मुलांना चैन पडत नाही. सल्फेट दोन्हीकडे तसंच असेल तर ते अख्खंच मोजा.

गोबरगॅसमधला मिथेन जळतो तेव्हा उजवीकडे ऑक्सिजन दोन ठिकाणी असतो, म्हणून तो शेवटी घ्या. आधी कार्बन, मग हायड्रोजन: एक सीएचफोर, दोन ओटू, एक सीओटू, दोन एचटूओ.

वखराच्या पासेवरचा गंज घ्या, त्यातलं पाणी सध्या बाजूला ठेवून. ऑक्सिजन डावीकडे दोन, एफईटूओथ्रीमध्ये तीन. दोन्ही सहावर आणा: तीन ओटू, दोन एफईटूओथ्री. मग लोखंडाचे अणू चार.

एवढं करूनही उत्तर चुकत असेल तर संयुजा, म्हणजे अणूची इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, तपासा. कॅल्शियम क्लोराइड नुसतं सीएसीएल लिहिलं तरी समीकरण जुळू शकतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. कॅल्शियमची संयुजा दोन, क्लोरिनची एक, सूत्र सीएसीएलटू.