दोरीवरची भातलावणी : जपानी पद्धत आपल्या खाचरात कशी उतरवायची

खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात घरची पडीक खाचरं पुन्हा कसायला घेणारी तरुण मंडळी हल्ली दिसू लागली आहेत. माझी नोकरी शेतीखात्यात आणि तीही भाताच्या गावांतच झाली, त्यामुळे बरेच जण विचारायला येतात : लावणी दोरीवर करू की आजोबा करायचे तशी? दोरीवरच करा, म्हणजे ताणलेल्या दोरीच्या खुणांवर रोप लावत सरळ ओळीत. पण ही दोरी जपानी पद्धतीतून आली, आणि ती एकटी आलेली नाही. तिच्या मागेपुढे चार-पाच कामं आहेत, ती सोडून नुसती दोरी धरलीत तर मजुरी तेवढी वाढेल.

1953 साली केंद्र सरकारने जपानी पद्धतीच्या भातशेतीची देशभर मोहीम काढली. त्याआधी बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले होते. जपान तेव्हा युद्धात बेचिराख झालेला, 1952 साली कुठे परकीय ताब्यातून सुटलेला देश. तरी 1954 साली तो कोलंबो योजनेत, म्हणजे आशियातल्या देशांना विकासासाठी मदत करणाऱ्या योजनेत, मदत देणारा म्हणून सामील झाला. पुढे 1962 पासून भारत-जपान करारातून प्रात्यक्षिक शेतं उभी राहिली. एकूण आठ होती, त्यातलं महाराष्ट्रातलं शेत आमच्या खोपोलीला. जपानी तज्ज्ञ तिथे राहून, चिखलात उतरून काम दाखवत. त्यांच्याकडचे शेतकरीही आपल्यासारखेच लहान लहान तुकड्यांचे धनी, त्यामुळे त्यांचं तंत्र आपल्या गुंठ्यांत बसण्याजोगं होतं. मोठ्या ट्रॅक्टरचा शेतकरी आम्हाला हे शिकवूच शकला नसता.

सुरुवात बियाण्यापासून. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात बी ओतून ढवळा. तरंगेल ते पोचट, ते काढून टाका. तळाशी बसलेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. धुण्यात कंजुषी नको, बियाला मीठ राहिलं तर उगवण मार खाते. ही युक्ती 1882 साली जपानातल्या फुकुओकाचे शेतीतज्ज्ञ योकोई तोकियोशी यांनी काढली. जपानात ती गावोगाव लागू करायला सरकारने पोलीससुद्धा धाडले होते. म्हणून आपल्याकडचा शेतकरी नवं लवकर घेत नाही असं कुणी म्हणालं की मला राग येतो. जपानचा शेतकरीही खात्री पटेपर्यंत अडूनच बसला होता.

रोपासाठी गादीवाफा करा. रुंदी एक ते सव्वा मीटर, उंची चार बोटं, लांबी जागेच्या उतारानुसार, आणि दोन वाफ्यांमध्ये पाणी निघून जायला चर. एकराच्या लावणीला चार गुंठे रोपवाटिका पुरते आणि सुधारित वाणाचं 15 किलोच्या आसपास बी. कुजलेलं शेणखत हात आखडता न घेता मातीत मिसळा. बी फेकू नका, बोटभर खोलीपेक्षाही वरच ओळींत पेरा आणि मातीने झाका. उंच वाफ्यावर पाणी साचत नाही, मुळं मोकळी वाढतात, रोप बुटकं पण जाड होतं.

इथे राबाचा विषय निघतोच. आपल्याकडे ऐनाची टहाळं, शेण, पालापाचोळा जाळून जमीन भाजायची आणि तिथे रोप करायचं ही जुनी चाल. म्हातारी माणसं सांगतात की राबाने तण मरतं, आणि ते खरं आहे. गादीवाफ्यात तणाचा त्रास जास्त होतो. त्यावर उपाय असा : वाफे मेअखेरीस तयार ठेवा, वळवाच्या सरीने तण उगवू द्या, ते खरवडून काढा आणि मग पेरा. एवढं केलंत तर एकही झाड खोडावं लागत नाही. डोंगर उघडे पडताना मी पाहिले आहेत, म्हणून या एका गोष्टीसाठी मी या पद्धतीचा फार ऋणी आहे.

रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की लावणी. उपटण्याआधी वाफा भिजवा, मुळं तुटणार नाहीत. नायलॉनच्या दोरीवर 15 सेंटिमीटरवर खुणा करा, दोन ओळींत 20 सेंटिमीटर अंतर ठेवा, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) दोन-तीनच रोपं धरा आणि सरळ, उथळ लावा. तीन-चार सेंटिमीटरच्या खाली रोप गेलं तर फुटवे उशिरा येतात. जुन्या मोहिमेत दोन्हीकडून 10 इंच अंतर सांगितलं जाई. गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) भाताला ते चालून जातं, पण आपल्या हळव्या (लवकर पिकणाऱ्या) भाताला फुटवे काढायला तेवढा वेळच नसतो. जागा रिकामी राहते. सरसकट एक अंतर सगळ्या वाणांना सांगणं ही मोहिमेची उणीव होती, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी दोरी खाली ठेवली त्याचं एक कारण हेच.

दुसरं कारण मजुरी. लावणी करतात बायका, कंबरेत वाकून, पावसात. जुन्या रीतीत त्यांचा हात झरझर चालतो, दोरीवर तो थांबत थांबत चालतो. लावणी उधडी, म्हणजे ठोक कामावर, दिलीत तर बाई अंतर का सांभाळेल? तिचा रोज बुडतो. दोरीवरच्या लावणीला रोजंदारीच द्या, दोरी हलवायला दोन माणसं वेगळी लावा आणि पहिल्या दिवशी छोट्या खाचरात हात बसू द्या. चार दिवसांत वेग येतो. ज्या घरांनी हे केलं त्यांची लावणी टिकली.

आता दोरीचा खरा उपयोग. ओळ असली तरच तण काढायचं कोळपं चालतं. दातेरी चाकांचं, ढकलायचं भातकोळपं जपानात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघालं आणि त्याच्यामुळेच तिथे सरळ ओळींचा आग्रह वाढला. आपल्याकडे मात्र कित्येकांनी ओळ घेतली आणि कोळपं घेतलंच नाही. मग पुन्हा हातानेच बेणणी (तण काढणं). म्हणजे लावणीला जास्त मजूर, बेणणीलाही तेवढेच. लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, खाचरात पातळ पाणी ठेवून कोळपं फिरवा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. तण चिखलात गाडलं जातं. कोरड्या जमिनीत ते अडतं, आणि तण मोठं झालं तर दात्यांत गुंतून बसतं, तेव्हा वेळ चुकवू नका.

खताच्या बाबतीत मात्र 1953 चा भरपूर खताचा सल्ला आपल्या तेव्हाच्या भाताला सोसला नाही. आपले देशी वाण उंच. नत्र वाढवलं की दाणे भरतानाच पीक लोळायचं. जपानी वाण बुटके, पण आपल्याकडच्या आखूड दिवसांत ते अवेळी निसवायचे, म्हणजे लोंब्या टाकायचे. म्हणून कटकच्या भात संशोधन संस्थेत आंतरराष्ट्रीय अन्न व शेती संघटनेच्या मदतीने जपानी आणि भारतीय भाताचे संकर सुरू झाले. त्यातून एडीटी 27 आणि मलेशियात गाजलेला महसुरी असे मोजकेच वाण निघाले. खरा बदल 1960 नंतरच्या दशकात तैचुंग नेटिव्ह 1 आणि आयआर 8 या बुटक्या वाणांनी केला. तेव्हा आज खत देताना आधी वाण बघा. बुटका सुधारित असेल तर नत्र तीन हप्त्यांत द्या : लावणीला, फुटव्यांच्या वेळी आणि पोटरीच्या (लोंबी पानाच्या आवरणात भरण्याच्या) आधी. घरचा उंच कोलम असेल तर शेणखत आणि गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडा, युरियाची पिशवी जपूनच उघडा.

आणि पहिल्या वर्षी सगळं शेत या पद्धतीखाली आणू नका. प्रात्यक्षिक शेतावर शेतकरी नवं-जुनं शेजारी शेजारी बघत, तसंच करा. एकाच वाणाची दोन खाचरं घ्या, एक दोरीवर, एक तुमच्या रीतीने. कापणीला दोन्हींतल्या मधल्या भागातून एक-एक चौरस मीटर कापा, झोडा, वाळवून तोला. शेजारी मजुरीचा आणि बियाण्याचा खर्च लिहा. ती वही घेऊन या, पुढच्या वर्षीचं अंतर आपण बसून ठरवू.