फाइल झिप करून पाठवताय? या चुका टाळा

‘तुमची फाइल उघडत नाही’ असा निरोप आला की बहुतेक जण तीच फाइल पुन्हा पाठवतात. त्याने काही होत नाही. आधी समोरच्याकडे विंडोज आहे, मॅक आहे, लिनक्स आहे की नुसता मोबाइल, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर साधी झिप, म्हणजे फाइली एकत्र बांधून लहान करणारी फाइल, पाठवा. फिल काट्झने १९८९ मध्ये आणलेली ही पद्धत आज विंडोज, मॅक, आयफोन सगळीकडे काहीही इन्स्टॉल न करता उघडते.

सवयीने आरएआर, म्हणजे झिपसारखाच पण कधी थोडी लहान फाइल देणारा प्रकार, पाठवणं ही नेहमीची चूक. सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर आरएआर उघडतं, पण बनवत नाही. विंडोज ११ मध्ये आरएआर आणि सेव्हन-झेड (सेव्हन-झिपचा स्वतःचा प्रकार) उघडायची सोय २०२३ मध्ये आली. विंडोज १० वर अजूनही वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. थोड्या एमबींसाठी समोरच्याला हा खटाटोप कशाला? आणि फोटो, व्हिडिओ तर आधीच कॉम्प्रेस झालेले असतात, ते कशानेही फारसे लहान होत नाहीत.

आता आपल्याला खास छळणारी अडचण: मराठी नावं. ‘अहवाल’ नावाची फाइल झिपमधून बाहेर काढली आणि नावाच्या जागी ग्रीक अल्फा, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, पुन्हा अल्फा, पुन्हा एन अशी रांग दिसली, तर फाइल खराब झालेली नाही. यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या साठवायच्या आजच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पहिला बाइट कायम तोच असतो. जुन्या आयबीएम पीसीच्या कोडपेज ४३७ या अक्षरतक्त्यात त्या बाइटचा अर्थ अल्फा. नावं यूटीएफ-८ मध्ये आहेत हे सांगणारी खूण झिपच्या नियमांत २००६ मध्ये आली, पण काही सॉफ्टवेअर ती लावत नाहीत. सेव्हन-झिप देवनागरी नावांना ती लावतं, म्हणून विंडोजवर मी तेच सुचवेन. विंडोजच्या जुन्या आवृत्त्या तर अशा नावाची फाइल झिप करायलाच नकार देतात. घाई असेल तर नाव रोमन अक्षरांत लिहा आणि झिप करा.

विंडोजवर झिपवर डबल-क्लिक करून आतलीच वर्डची फाइल दुरुस्त करत बसू नका. ती तात्पुरत्या फोल्डरमधून उघडलेली असते, केलेलं काम झिपमध्ये जातंच असं नाही. आधी एक्स्ट्रॅक्ट करा, मग हात लावा.

आधार, पॅनच्या प्रती पाठवताना झिपला पासवर्ड लावता ना? झिपक्रिप्टो ही पासवर्डची जुनी पद्धत कमकुवत आहे, एईएस-२५६ ही मजबूत पद्धत निवडा. मात्र विंडोज १० ची स्वतःची सोय अशी झिप उघडत नाही, तिथे सेव्हन-झिप लागेल. शिवाय पासवर्ड लावला तरी झिपमधल्या फाइलींची नावं कुणालाही दिसतात, म्हणून नावात आधार क्रमांक घालू नका.

लिनक्सवर जीझिप हे फाइल लहान करायचं साधन एकाच फाइलवर काम करतं, त्यामुळे फोल्डर असेल तर आधी टार करावं, म्हणजे सगळ्या फाइली एका फाइलीत बांधाव्या लागतात. स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या फाइली) पाठवायच्या असतील तर टारच बरं, कारण फाइलींच्या परवानग्या, म्हणजे ती कोण वाचू, बदलू किंवा चालवू शकतो हे, टिकतात. विंडोजवर बनवलेल्या झिपमध्ये त्या बहुधा हरवतात.

पेनड्राइव्हवर जागा असूनही मोठी झिप कॉपी होत नसेल तर तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे का पाहा. तिथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. पेनड्राइव्हवरचा डेटा दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, नाहीतर सेव्हन-झिपमध्ये झिपचे तुकडे पाडा. तुकडे पाडलेत तर सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवून पहिला उघडायचा, हे समोरच्याला कळवा.